पुत्तलमच्या मुलाचा प्रश्न : काठमांडूच्या युवा मेळाव्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सायली (नाव बदललं आहे) इंदूरच्या लोकमान्य नगरात वाढलेली, समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. घरी आई, बाबा आणि आजी. आमच्या मराठी मंडळाच्या युवा गटात ती अकरावीपासून येते. गटाचं काम मी पाहते, आणि हे सगळं तिच्या परवानगीने, तिच्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून लिहिते आहे. बाकीच्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांना गावाच्याच नावाने ओळखू.

इंदूर २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं तेव्हा सायली शाळेत होती. त्यानंतर सलग अनेक वर्षं शहराने ती जागा सोडली नाही. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन फाटकाशी जायचं, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक असे कप्पे पाहून टाकायचं, हे या मुलांना दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरवताना आमची मुलं खाण्याबरोबर रस्ताही दाखवतात. तो अभिमान खरा आहे आणि कष्टाचा आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यावरून तो अभिमान पोकळ होता असा अर्थ कोणी काढू नये.

मेळावा काठमांडूला होता. पाच दिवसांचा, एका स्वयंसेवी संस्थेने भरवलेला. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान आणि भारत इथली तरुण मुलं, विषय ‘शहरं आणि हवामान’. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक निवेदन काढायचं होतं आणि प्रत्येक चमूने परतल्यावर करायचं एखादं काम ठरवायचं होतं. पाकिस्तानातले दोघे पडद्यावरूनच सहभागी झाले.

अशा मेळाव्यांना आज जास्त महत्त्व का आहे, तेही लक्षात घ्यायला हवं. दक्षिण आशियाई देशांच्या सार्क या संघटनेची स्थापना १९८५ मध्ये ढाक्याला झाली, सचिवालय काठमांडूतच आहे. पण राष्ट्रप्रमुखांची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये तिथे भरली; २०१६ ची इस्लामाबादची परिषद झालीच नाही. मोठी माणसं एका टेबलाशी बसत नाहीत, तेव्हा शेजारच्या देशांतल्या बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलांची एकमेकांशी गाठ पडते ती अशाच ठिकाणी.

निघण्याआधीचे निर्णय

संस्था राहणं-जेवण आणि निम्मा प्रवासखर्च देणार होती. बाबांचा कल गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सोनौलीहून बस असा होता, कारण खर्च बराच कमी. आईला ते अजिबात मान्य नव्हतं. “एकटी पोर सीमा ओलांडून रात्रीच्या बसने घाटातून जाणार?” शेवटी दिल्लीमार्गे विमान ठरलं, आणि वरचे पैसे आजीने स्वतःच्या पेन्शनमधून दिले. आजीचं म्हणणं एवढंच : “लग्नात खर्च करालच ना? मग यात करा.”

कागदपत्रांचं पाहा, कारण इथे अनेक जण अडकतात. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट या वयोगटात आधार कार्ड चालत नाही. सायलीकडे पासपोर्ट नव्हता. तत्काळ पासपोर्ट काढायचा की मतदार ओळखपत्रावर जायचं, असे दोन रस्ते होते. मेळावा महिन्याभरावर आला होता आणि पासपोर्ट वेळेत हाती येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून ओळखपत्रावर जायचं ठरलं. तिथेही एक गाठ निघाली. ओळखपत्रावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, तिकिटावर वेगळं. तिकीट बदलून घेतलं. पासपोर्टचा अर्जही त्याच आठवड्यात भरला, पुढच्या वेळेसाठी.

त्या वेळी शंभराच्या वरच्या भारतीय नोटा नेपाळात चालत नव्हत्या, म्हणून बाबांनी बँकेतून शंभराच्या नोटांचं बंडल आणून दिलं. तिथल्या रुपयाचा भाव ठरलेला आहे : आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. पूर्वतयारीच्या पहिल्या ऑनलाइन बैठकीला सायली अगदी वेळेवर बसली, तेव्हा ओळखपरेड संपत आली होती.

तयारी म्हणून तिने सादरीकरण केलं. इंदूरजवळच्या देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेला, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प. दारोदारी जाणाऱ्या गाड्या. हटवलेला कचऱ्याचा जुना डोंगर. आकडे तपासलेले, फोटो स्वच्छ, बोलणं आठ मिनिटांत बसवलेलं. युवा गटासमोर तिने ते करून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या.

अडचण

दुसऱ्या दिवशी पाच-पाच जणांचे चमू पडले. सायलीच्या चमूत काठमांडूचा एक मुलगा, ढाक्याची मुलगी, थिंपूची मुलगी आणि श्रीलंकेतल्या पुत्तलमचा मुलगा. निवेदनातला ‘शहरातला कचरा’ हा भाग त्यांनी लिहायचा होता.

सायलीचं सादरीकरण छान झालं. ढाक्याच्या मुलीने भराभर टिपून घेतलं. तिच्या देशाने पातळ पॉलिथिन पिशव्यांवर २००२ मध्येच बंदी घातली, तरी पिशव्या बाजारात आहेतच, त्यामुळे ‘लोक वेगळं टाकतात कसे’ हे तिला खरोखर हवं होतं. चहाच्या वेळी सायली, काठमांडूचा मुलगा आणि ती, तिघांचं बोलणं हिंदीवर गेलं. सिनेमा-मालिकांमुळे दोघांनाही हिंदी चांगलं समजत होतं. चहा संपेपर्यंत मसुद्याची पहिली ओळ ठरूनही गेली : दक्षिण आशियातल्या शहरांनी इंदूरचा नमुना स्वीकारावा. थिंपूची मुलगी हसून ‘ठीक आहे’ म्हणाली. पुत्तलमचा मुलगा खिडकीशी उभा होता. त्याला हिंदी येत नव्हतं.

बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा फळ्यावर ती ओळ होती. त्याने ती वाचली आणि इंग्रजीत विचारलं, “देवगुराडियाजवळ कोण राहतं?”

सायलीने प्रकल्पाची क्षमता सांगितली. त्याने प्रश्न पुन्हा विचारला. तिथे माणसं कोण आहेत, कचरा यायला लागला तेव्हा त्यांना कोणी विचारलं होतं का, आज ती काय म्हणतात.

तिला उत्तर येत नव्हतं. देवगुराडियाला ती गेली होती, पण महाशिवरात्रीला, शंकराच्या दर्शनाला. देवळाच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. तिच्या वहीत त्या दिवसाखाली लिहिलंय : ‘मला टनांचा आकडा पाठ होता. माणूस एकही माहीत नव्हता.’

मग तो स्वतःचं बोलला. १४ एप्रिल २०१७ ला, ऐन सिंहली-तमिळ नववर्षाच्या दिवशी, कोलंबोजवळ मीतोटमुल्ल इथला कचऱ्याचा डोंगर घरांवर कोसळला आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर राजधानीचा कचरा दूर, त्याच्या पुत्तलम जिल्ह्यातल्या अरुवक्कालूला न्यायच्या योजनेने वेग घेतला. २०१८ मध्ये तिथले लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर बसले. त्याची आईही बसली होती. कोलंबो स्वच्छ व्हावं असं त्यालाही वाटतं, तो म्हणाला, पण ‘नमुना’ म्हणून जे दाखवतात त्यात त्याचं गाव कधीच दिसत नाही.

यावर काठमांडूच्या मुलाचा सूरच बदलला. त्यांच्या शहराचा कचरा २००५ मध्ये ‘तात्पुरता’ म्हणून नुवाकोट जिल्ह्यातल्या सिसडोलला जायला लागला आणि २०२२ पर्यंत जात राहिला. आता शेजारच्या बंचरे डाँडाला जातो. तिथले गावकरी गाड्या अडवतात, मग काठमांडूच्या रस्त्यांवर ढीग साचतात, आणि शहरातले लोक गावकऱ्यांनाच दोष देतात. “मीसुद्धा दिलाय,” तो म्हणाला.

म्हणजे एका ओळीतून दोन अडचणी वर आल्या. पहिली, ती ओळ शहराच्या बाजूनेच लिहिली गेली होती. दुसरी, ती ज्या रीतीने ठरली त्यात पाचापैकी एकाला जागाच नव्हती. मला दुसरी जास्त गंभीर वाटते. मुद्दा चुकला तर वादात सुधारतो. रीत चुकली तर वाद व्हायलाच माणूस उरत नाही. पुत्तलमचा मुलगा बोलला म्हणून हे प्रकरण लिहिता येतंय. तो गप्प बसला असता तर निवेदन गोडीगुलाबीने मंजूर झालं असतं आणि आम्ही इंदुरात पेढे वाटले असते.

समोरचे पर्याय

त्या रात्री सायलीने घरी फोन केला, मग मला. आवाज रडवेला होता. “काकू, मी इंदूरला कमी लेखू का? नाही तर त्याला सांगू का, की आमच्याकडे तसं नाहीये?”

मी म्हटलं, “अगं, आपल्याकडे कसं आहे ते तुला माहीत आहे का?”

“नाही ना!”

“मग दोन्ही कशी म्हणशील?”

त्या फोनवर आम्ही पर्याय मांडले. निर्णय तिचा होता. मी तिथे नव्हते, आणि खोलीत नसलेल्या माणसाने खोलीतलं ठरवू नये.

ओळ तशीच ठेवायची आणि खाली ‘स्थानिकांचा विचार करावा’ असं वाक्य जोडायचं. हे सोपं होतं, संयोजकांनाही चाललं असतं. पण असं शेपूट लावलेलं वाक्य कोणी वाचत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

इंदूरचा उल्लेख पूर्ण काढायचा. संकोचलेल्या मनाला हा पर्याय मोठेपणाचा वाटतो. सायलीचा कल रात्री अकरापर्यंत इकडेच होता. मला तो अन्यायाचा वाटला. दारोदारी कचरा वेगळा होणं ही मोठी गोष्ट आहे आणि ढाक्याच्या मुलीला तीच हवी होती. एकाचा प्रश्न ऐकायचा म्हणून दुसरीची गरज खोडायची का?

तिसरा पर्याय आजीच्या बोलण्यातून निघाला. सायलीने तिला सगळं सांगितल्यावर आजी म्हणाली होती, “घरोघरी मातीच्या चुली. प्रत्येकाने आपापली राख कुठे टाकतो ते सांगा ना.” म्हणजे कोणाचाच नमुना न मांडता प्रत्येकाने आपल्या शहराच्या कचऱ्याची शेवटची जागा जाऊन पाहायची, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि तेच एकमेकांना सांगायचं.

चौथाही होता : चमू बदलून मागायचा. सायलीने तो बोलून दाखवला आणि लगेच मागे घेतला.

काय केलं

सकाळी बैठकीआधी सायली पुत्तलमच्या मुलाकडे गेली. माफी मागण्याच्या तयारीने गेली होती, पण त्याने आधीच हात हलवून ते थांबवलं आणि विचारलं की चहाच्या वेळी नेमकं काय ठरलं होतं. तिने सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याला वाटलं होतं त्याहून ते निरुपद्रवी निघालं. न समजणाऱ्या भाषेत तिघं हसत बोलत असली की चौथ्याला काय काय वाटू शकतं, हे तिला तेव्हा उमगलं.

मग चमूने कामाची रीत ठरवली. हिंदीत गप्पा मारायला कोणाची ना नाही, पण ठरवायचं ते इंग्रजीत, फळ्यावर लिहून आणि पाचही जण हजर असतानाच. ज्याला इंग्रजीत अडेल त्याने आपल्या भाषेत लिहावं, दुसऱ्या कोणी ते सावकाश मांडून द्यावं. ही सूचना थिंपूच्या मुलीची. आदल्या दिवशी ती ‘ठीक आहे’ म्हणाली होती, कारण वेग तिला झेपत नव्हता. हेही तेव्हाच कळलं. गप्प बसणारे दोघे होते. आमचं लक्ष एकाकडेच गेलं होतं.

मसुद्यावर दिवसभर खल झाला. ढाक्याची मुलगी तिसऱ्या पर्यायाला राजी नव्हती. तिचं म्हणणं रोखठोक होतं : “आपण जागा बघत बसू, आणि माझ्या शहरात कचरा नाल्यात जात राहील. मला करता येण्यासारखं काहीतरी द्या.” ती चुकीची नव्हती. म्हणून मजकुराचे दोन भाग झाले. पहिल्यात घरोघरी वर्गीकरणाची पद्धत, इंदूरच्या उदाहरणासह, ‘नमुना’ हा शब्द वगळून. दुसऱ्यात कचऱ्याच्या शेवटच्या जागेजवळ राहणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय कोणत्याही शहराच्या यशाची मांडणी पुरी धरू नये, ही मागणी. संयोजकांना दुसरा भाग लांबलेला वाटला. चमू अडून राहिला, आणि तो दोन ओळींत का होईना, राहिला.

परतल्यावरच्या कामासाठी पाचही जणांनी आपापल्या शहराच्या कचऱ्याची शेवटची जागा पाहून यायचं कबूल केलं.

परिणाम

निवेदनाचं पुढे काय झालं? संयोजकांनी ते काही कार्यालयांना पाठवलं. उत्तर आल्याचं ऐकिवात नाही. अशा निवेदनांकडून मला तरी फार अपेक्षा नसते. खरं काम त्याच्या बाजूला झालं.

सायली परतल्यावर रीतसर परवानगी काढून कचरा निवडण्याच्या केंद्रावर गेली. तिथे सुका कचरा निवडणाऱ्या एका बाईंजवळ ती बराच वेळ बसली. बाईंचा हात ढिगात जायचा, पिशवी दोन बोटांत चुरगळून बघायच्या आणि आवाजावरून ती कुठल्या पेटीत जाणार ते ठरवायच्या. हातमोजे दिलेले होते, पण जाड मोज्यात प्लास्टिकचा पोत कळत नाही म्हणून उजव्या हातातला काढून ठेवलेला. त्यांनी सांगितलं, सगळ्यात त्रास होतो तो सुक्या कचऱ्यात साध्या पिशवीत बांधून टाकलेल्या सॅनिटरी पॅडचा. गाठ सोडल्याशिवाय कळत नाही आणि सोडल्यावर उशीर झालेला असतो.

स्वच्छतेचे धडे पाठ असलेल्या आमच्या कॉलनीतही ही चूक होत होती. सायलीने युवा गटातल्या मुलींना घेऊन घरोघरी जाऊन सांगितलं : वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने ठसठशीत खूण करा, वेगळ्या कप्प्यातच टाका. काही घरांत पुरुष दार उघडून विषय ऐकताच “हिच्याशी बोला” म्हणून आत गेले. बऱ्याच घरांनी मानलं, काहींनी नाही. देवगुराडिया परिसरातल्या कुटुंबांशी बोलणं नुसतं सुरू झालंय. तिथे एक मत नाही. जुना डोंगर गेल्याचा आनंद आहे, गाड्यांच्या वर्दळीची तक्रार आहे, आणि रोजगार मिळालेली माणसंही आहेत. सायली ते उतरवून घेते आहे.

काठमांडूच्या मुलाने बंचरे डाँडाहून ध्वनिमुद्रण पाठवलं. पुत्तलमच्या मुलाने आईशीच बोलून लिहिलं, आणि ते सगळ्यांत चांगलं उतरलं. ढाक्याच्या मुलीने तिच्या गल्लीत दोन डब्यांची पद्धत सुरू केली. कचऱ्याच्या जागेवर ती अजून गेलेली नाही. थिंपूच्या मुलीला नोकरी लागली आणि तिचा संपर्क विरळ झाला. हे असं होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

वेगळं काय करता आलं असतं

संयोजकांनी पूर्वतयारीच्या बैठकांत सगळ्यांकडून ‘तुमच्या शहराचं यश’ मागवलं होतं. त्याऐवजी ‘तुमच्या शहरातला न सुटलेला एक प्रश्न’ मागवला असता तर पहिल्या दिवसापासून सूर वेगळा लागला असता. भाषेचा नियमही चमूवर न सोडता सुरुवातीलाच द्यायला हवा होता. भारत, नेपाळ आणि बांगलादेशची मुलं एकत्र आली की हिंदी येणारच. श्रीलंका आणि भूतानच्या मुलांनी दर वेळी ते निमूटपणे सोसावं हे बरोबर नाही. आणि संख्येने, भाषेने, शहराच्या नावलौकिकाने आपण जड असतो, म्हणून पहिलं पाऊल भारतीय मुलांनी उचलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पाच दिवसांच्या आखणीत जागा पाहायला जाण्यासाठी एकही अर्धा दिवस नव्हता. काठमांडूत बसून कचऱ्यावर चर्चा झाली आणि बंचरे डाँडाला कोणी गेलं नाही. रस्ता खराब आहे, मान्य. तरी जायला हवं होतं.

एका गोष्टीवर सायलीचं आणि माझं एकमत नाही. मला वाटतं, निघण्याआधीच ती देवगुराडियाच्या माणसांना भेटली असती तर तो कठीण दिवस टळला असता. ती म्हणते, “काकू, मी सगळी उत्तरं घेऊन गेले असते तर त्याने आईची गोष्ट सांगितलीच नसती.” यावर आमचं अजून बोलणं चालू असतं. सध्या आम्ही एवढं ठरवलंय : पुढच्या मेळाव्याला आमच्या गटातला जो मुलगा जाणार आहे, त्याने सादरीकरण तयार करण्याआधी त्याच्या विषयाशी रोजचा संबंध असलेल्या दोन माणसांना भेटून यायचं. त्याचा विषय पाणी आहे. येत्या रविवारी तो टँकरवाल्यांकडे जाणार आहे, आणि सायली त्याच्यासोबत.